कोळंबीबरोबर काय?

"चुकून आणलीत की काय ही?" टेबलावरच्या वाइनच्या बाटलीकडे बघत बायकोने विचारलं.

"नाही गं. आपल्यासाठी आणलीय."

तो समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलात वाइन वाढायचा. "घोटभर घेऊन तर बघा," असं ज्याला त्याला म्हणायचा, म्हणून तिथे त्याचं नावच घोटभर पडलं होतं. गिऱ्हाइकाने कोळंबी मागवली की तो आधी विचारायचा, कशी केलेली हवी? लसूण-लोण्यातली असेल तर भारदस्त पांढरी, नुसती भाजून लिंबू पिळलेली असेल तर आंबटसर, तळलेली असेल तर फेसाळणारी, आणि मिरचीची असेल तर जरा गोडसर. हे तो असं रंगवून सांगायचा की माणसं हातातला घास विसरून ऐकत बसायची.

घरी मात्र तोंडाला कुलूप. सुट्टीच्या दिवशी बायको मिरचीची कोळंबी करायची आणि थट्टेने विचारायची, "आमच्या कोळंबीबरोबर काय, साहेब?" तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचा, "पाणी." पुढे तिने विचारणं सोडलं. सोडलं, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

मग तिचं आजारपण आलं. ती बरी झाली, पण औषधांनी जिभेची चव नेली ती नेलीच. आज डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता चव परत यायची नाही. वाइन घोटभर चालेल, म्हणाले. येताना त्याने बाटली घेतली. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

त्याने कोळंबी तोंडात घातली. मीठ दोनदा पडलं होतं.

"खारट झालीय का हो?"

"छान झालीय."

"मला कुठे कळतंय. तुम्ही म्हणाल ते खरं." तिने घोट घेतला, तोंडात घोळवला. "पाणीच लागतंय."

त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"गिऱ्हाइकांना सांगता तसं सांगा ना मला," ती म्हणाली. "एकदाच."

तो उठला. बसून सांगायची त्याला सवयच नव्हती. डावा हात आपोआप पाठीमागे गेला.

"आधी नुकत्याच कापलेल्या सफरचंदाचा वास येतो. मग जिभेच्या कडेला जरासं आंबट लागतं. तेवढ्यात मिरची चढते. आणि मग ही गोडसर चव येते, थोरल्या बहिणीसारखी, मिरचीला समजावून खाली बसवते…"

ती डोळे मिटून ऐकत होती. पुढचं वाक्य त्याला झोपेतही म्हणता आलं असतं. ते आठवेना. इतकी वर्षं हे सगळं परक्यांच्या टेबलांवर सांडून आलो, याची त्याला भयंकर लाज वाटली.

"किती छान बोलता हो तुम्ही," ती म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

तो तसाच उभा राहिला. तिने डोळे उघडले आणि शेजारची खुर्ची मागे ओढली.

"बसा आता. घरी आलात."

तो बसला. ती खारट कोळंबी त्याने पुन्हा वाढून घेतली.