फक्त बिअर आणि वाइन

मी भिंतीवरचा परवाना बोलतोय. अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंग शहरात, आसावरीच्या छोट्याशा रेस्टॉरंटात, गल्ल्यामागे, गणपतीच्या शेजारी माझी फ्रेम टांगलेली आहे. शेजार मोठा, पण ऐट माझीच जास्त.

सरकारी कचेरीत माझा जन्म झाला. माझ्यासाठी आसावरीने आठ महिने फॉर्म भरले. मी आलो, मिसळीबरोबर थंड बिअर मिळू लागली आणि रिकामी टेबलं भरली. मी गेलो तर ती गर्दी जाईल, आणि मागोमाग हे रेस्टॉरंटही.

माणसांचे कायदे मोठे अजब. माझ्या राज्यात बिअर चालते, वाइन चालते. व्हिस्कीने मात्र उंबरठासुद्धा ओलांडायचा नाही. विकणं सोडाच, सीलबंद बाटली आत सापडली तरी माझ्यावर गदा. नशा तीच ना, असं गिऱ्हाइकं विचारतात. मला काय विचारता? मी नुसता छापलेला आहे.

मागच्या आठवड्यात पुण्याहून आसावरीचे शैलेंद्रकाका आले. रीतीप्रमाणे त्यांनी विमानतळावरून भारी व्हिस्की आणली आणि इथेच, सगळ्यांदेखत तिच्या हातात ठेवली. तिचा चेहरा उतरला. पण मोठ्यांनी प्रेमाने दिलेलं परत कसं करायचं? तिने बाटली पापडाच्या डब्यांमागे सरकवली. घरी नेते, घरी नेते म्हणता म्हणता दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस बाई आल्या. त्यांनी मला वाचलं, फ्रिजमधल्या बिअरवर नजर टाकली आणि त्या स्वयंपाकघरात शिरल्या. डबे सरकल्याचा आवाज आला. माझा जीव टांगणीला लागला.

बाटली गल्ल्यावर ठेवून त्यांनी विचारलं, ही कुणाची?

काका आसावरीच्या कानाशी मराठीत पुटपुटले, "माझी म्हणून सांग. तुला माहीतच नव्हतं म्हण. उद्या माझी फ्लाइट आहे, माझं काय वाकडं होणार?"

सुटका समोर होती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, सांग ना, बये.

आसावरी बाईंकडे वळली. "मॅडम, काकांनी गिफ्ट दिली. पण रूल मला माहीत होता. बॉटल मीच लपवली."

बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं.

मी राहणार की रद्द होणार, त्या निकालाचं पत्र अजून यायचंय. आसावरी रोज सकाळी माझी काच पुसते, तेव्हा मला तिच्याकडे बघवत नाही. बाबांनो, भेट जरूर आणा, पण आत पाऊल टाकण्याआधी मला एकदा वाचा. आणि एक कबुली ऐका. कायद्याचा कागद मी, तरी खोटं बोल म्हणून मीच तिला विनवत होतो. तिने ऐकलं नाही.