हिरवी चौकट

"ही कवटी जरा लहान होईल का?" पडद्यावरच्या लेबलाला बोट टेकवत काकासाहेबांनी विचारलं.

बद्रीनाथनं कवटी लहान केली.

"अजून करा. एवढी मोठी कवटी पाह्यली तर माणूस दुकानाच्या पायरीवरूनच वापस जाईल ना."

त्यानं अजून लहान केली. जालन्याच्या मस्तगड भागातल्या त्याच्या अरुंद दुकानात एक संगणक, एक पंखा आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, एवढाच पसारा होता. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बियाण्यांच्या पिशव्या, जे येईल ते तो करायचा. गिऱ्हाइकाला एक गोष्ट दोनदा सांगायला लावायची नाही, हा त्याचा नियम होता. वाटूरच्या मेंढपाळाचा पोरगा जालन्यात खुर्चीवर बसून कमावतो, याचं घरच्यांना कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःला जरा जास्तच होतं.

काकासाहेबांचं शहागडला हायवेलगत खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं मोठं दुकान होतं. दुसऱ्यांचा माल विकण्यापेक्षा पिंपातलं औषध बाटल्यांत भरून आपल्याच नावानं विकायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्या साली बोंडअळीनं कापसावर उच्छाद मांडला होता. बाटलीत काहीही भरलं असतं तरी ते खपलं असतं.

"लेबलावर एक बाई पायजे," काकासाहेब म्हणाले. "हासणारी. पण पिच्चरमधली नको, आपल्यातली वाटली पायजे."

तशी एक बाई बद्रीनाथकडे होती. मागच्या वेचणीला त्यानं आईचा फोटो काढला होता. ओटीत कापूस, कपाळभर कुंकू, आणि 'माझा कायला काढतू रं' म्हणताना फुटलेलं हसू. फोटो पडद्यावर आला तसे काकासाहेब खुर्चीतून पुढे सरकले.

"ही कोण?"

"माझी माय हाय."

"मंग तर बिलकुल हीच. अशा बाईनं सांगितलं का माणूस इचारत बसत न्हाई."

बद्रीनाथनं घरी जाऊन विचारलं, तर सुगंधाबाई तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत राहिली. हो म्हणाली की नाही, ते काही कळलं नाही. त्यानं हो धरलं.

पुढच्या खेपेला काकासाहेब आले ते खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीपाशी थांबले. फवारणीच्या प्रत्येक बाटलीवर ती असते. औषध किती जहाल आहे ते तिच्या रंगावरून ओळखायचं. सगळ्यांत जहाल लाल, सगळ्यांत सौम्य हिरवी.

"ही हिरवी करा."

बद्रीनाथचा हात थांबला. "काकासाहेब, औषध लालमधलंच हाय ना?"

"हाय. पण पानं हिरवी, नाव हिरवं, आन् मधीच हे लाल. डोळ्याला खुपून राह्यलं."

"नियमात बसत न्हाई ते."

"नियम मी बघतो. तुम्ही रंग बघा." त्यांचा आवाज जराही चढला नाही. उलट ते हसले. "न्हाई जमत तर तसं सांगा. औरंगाबादला करून देणारे लई हायत."

बद्रीनाथला भीती वाटली. औषधाची नाही, गिऱ्हाईक जाण्याची. मागच्या बाजूला सगळ्या भाषांत 'विष' असं छापलेलंच आहे, वाचणारे वाचतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि रंग बदलला. लेबल खरोखरच आधीपेक्षा चांगलं दिसायला लागलं. त्यालाही ते आवडलं, हे पुढे त्याला फार छळणार होतं.

भादव्यात काकासाहेबांचा फोन आला. ते खुशीत होते. "दुसरी छपाई लावली बरं का. बाया दुकानात येऊन 'बाईचं औषध द्या' म्हणून मागून राह्यल्या. परतूर, वाटूर, सगळीकडं गाड्या गेल्या."

वाटूर, आपलंच गाव, हे ऐकून फोन ठेवल्याबरोबर त्यानं ते लेबल पुन्हा उघडून पाहिलं. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा तो सकाळच्याच एस.टी.नं गावी गेला.

सुगंधाबाई नुकतीच रानातून आली होती. बाप मेंढरं घेऊन माळावर गेला होता. देवळीत, देवांच्या शेजारी, एक रिकामी बाटली धुऊन ठेवलेली होती. तिच्यावर आईच हसत होती.

"साऱ्या गल्लीनं येऊन पाह्यली," सुगंधाबाई म्हणाली. तिनं चहा दिला. देताना बशीत सांडला. कपाळाला घाम डवरला होता आणि ती सारखी पदरानं तोंड पुसत होती. उन्हातून आली म्हणून असेल, असं बद्रीनाथला वाटलं.

"तू कुठं गेल्ती?"

"द्वारकाबाईच्या रानात. चार रोज झाले, औषध कालवायला जाऊन राह्यले मी. गडी फवारतेत, मी पानी आणून कालवून देते."

"हातानं?"

"मंग? काडी कोन हुडकीत बसंल?" ती म्हणाली. "लाल चौकट असली का मी तोंडाला फडकं बांधते, हाताला प्लास्टिकची पन्नी बांधते. मला वाचाया येत न्हाई, पर रंग कळतो ना. ही तर हिरवी हाय. आन् माझ्या लेकानं केलेली."

बद्रीनाथला कप खाली ठेवायचंही सुचेना. मागच्या बाजूचं ते सगळ्या भाषांत छापलेलं या घरात कुणासाठी होतं?

"माय, तो रंग खोटा हाय. आत लालच हाय. मीच बदलला."

सुगंधाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "तू बदलला?"

"गिऱ्हाइकानं सांगितलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, दारात गेली आणि शेजारच्या द्वारकाबाईला हाक मारली.

"द्वारके, माझा फोटू असलेल्या बाटल्या गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी असतील तेवढ्या घेऊन ये. जल्दी."

द्वारकाबाईनं आणि पोरीबाळींनी पाच बाटल्या आणून ओट्यावर मांडल्या. भरलेल्या, अर्ध्या, नुकत्याच फोडलेल्या. सगळ्यांवर तेच हसू. सुगंधाबाईनं आतून आपला कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी आणली. रोज सकाळी स्वतःच्या कपाळावर लावायची तसंच तिनं आधी हिरव्या चौकटीवर मेण लावलं आणि मग बोटानं कुंकू दाबलं.

"आता जमलं. सांगा समद्यांला, लाल हाय म्हणावं."

दुसरीवर लावलं. तिसरीवर लावताना बोट घसरलं आणि कुंकू चौकट सोडून फोटोतल्या गालाला लागलं. सुगंधाबाईनं डोळे मिचकावले, बाटली जवळ धरली, लांब धरली.

"धुकट धुकट दिसून राह्यलं रं बद्या."

तिच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती. हा हात असा कधी हलत नव्हता. चालत्या बैलगाडीत बसून ती सुईत दोरा ओवायची.

"द्वारकामावशी, जीप बघा. दवाखान्यात न्यायचं मायला, पळा," तो म्हणाला. द्वारकाबाई पदर खोचून रस्त्याकडे पळाली. बद्रीनाथनं रांजणातलं पाणी आणून आईचे हात कोपरापर्यंत धुतले, साबणानं, पुन्हा पुन्हा. ती गुमान धुवू देत होती, पण नजर बाटल्यांवर होती.

"चल माय, उठ."

"जीप येऊस्तोवर ह्या दोन हुतील," ती म्हणाली. "कुनी तरी कालवील हातानं."

तिनं ओलं बोट कुंकवात बुडवलं. बाटलीपर्यंत ते पोचेना. बद्रीनाथनं तिचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि बरोबर चौकटीवर टेकवलं. मग उरलेल्या बाटलीवरही तसंच. कुंकू या वेळी चौकटीबाहेर गेलं नाही. त्याच्या मुठीत तिचा हात मात्र थरथरतच होता, आणि शहागडहून निघालेल्या गाड्या आणखी कुठकुठल्या गावांना गेल्या असतील, ते त्याला माहीत नव्हतं.