बेचाळीस किलोमीटरची सीट

१९८२ च्या जुलैमध्ये मला विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायच्या कामावर तात्पुरतं घेतलं. सिहोऱ्यापासून बपेऱ्यापर्यंत अकरा विहिरी. टेप सोडायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. अट एकच: आठवड्यातून एक फेरी आणि अकराही विहिरी त्याच दिवशी. मध्ये रात्रीचा पाऊस पडला तर आकड्यांची तुलना करता येत नाही. मी बी.एस्सी.; हे मला पूर्ण पटलेलं होतं. माझ्या बुडाला मात्र पटत नव्हतं.

गावागावांत वळत गेलं की ही फेरी बेचाळीस किलोमीटरची होते. पहिल्या वेळी आठव्या विहिरीशी सायकलवरून उतरलो, तो पुन्हा सीटवर बसताच येईना. उरलेल्या तीन विहिरी दुसऱ्या दिवशी केल्या आणि वहीत तारखा खऱ्याच लिहिल्या.

सिहोऱ्यात ताराचंदभाऊंचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी माझ्या सीटवर चार बोटं जाड स्पंजचं कव्हर चढवलं.

"आता नवरदेवावानी बसून जाजो!"

मीही हिशेब केला होता. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ. मऊ सीट जास्त जागेला टेकते, म्हणजे दाब कमी. कव्हराखाली मी धानाची तनस, म्हणजे वाळका पेंढाही कोंबला.

दुसऱ्या फेरीत सातव्याच विहिरीशी उतरलो.

मला कामावर घेणाऱ्या कृष्णराव साहेबांनी वहीतल्या दोन्ही फेऱ्यांवर लाल रेघ ओढली. "तिसरीही अशीच झाली, तर मोटारसायकलवाला माणूस ठेवीन. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी बपेऱ्याच्या विहिरीवर असेन."

सोमवारी मी पायीच, जरा फेंगडा चालत, घरमालकीण गिरजाबाईंच्या शेतावरून येत होतो. पाणी भरलेल्या बांधीत धानाचा रोवणा चालू होता, बाया ओळीने रोपं लावत होत्या. बांधीच्या कडेच्या अरुंद धुऱ्यावरून पाय घसरला आणि मी थेट चिखलात बसलो. बाया खदखदून हसल्या. उठून मागे पाहिलं, तर चिखलात दोन स्वच्छ खळगे. आजूबाजूचा चिखल जेमतेम दबलेला.

मी खिशातला टेप काढला.

"काय मोजून राहिला रे बाबू? तिथं कोणती विहीर हाये?" गिरजाबाई ओरडल्या.

"माझी बैठक मोजतो, काकू."

सगळ्यांचे हात थांबले. गिरजाबाई बायांकडे वळल्या. "पाह्यलं का वं! याच्यासाठी पंधरा वर्षं शिकला!"

एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १२.२ सेंटिमीटर. वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

"काकू, तुम्ही दिवसभर लाकडी पिढ्यावर बसून तांदूळ निवडता. दुखत नाही?"

"कायले दुखंल? हाडावर बसा लागते. गादीवर बसून पाह्य, घडीभरात रग लागते."

तिथेच चूक कळली. माझं सूत्र बरोबर होतं, पण दाब कुठे पडावा हे मी विचारलंच नव्हतं. वजन दोन हाडांनी पेलायचं असतं. स्पंजात हाडं बुडतात, मधला स्पंज वर येतो आणि भार मऊ मांसावर जातो. शिवाय मी जुनीच विकत घेतलेल्या सायकलची सीट मोजली, तर मागे अकराच सेंटिमीटर. हाडं काठाबाहेरच.

मंगळवारी टेप घेऊन ताराचंदभाऊंकडे गेलो. भंगारात एक काळी, रुंद, चामड्याची सीट होती. सोळा सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना जवळजवळ दोन-दोन शिल्लक.

"ही द्या."

"अरे, तो दगड हाये बाप्पा! पुंडलिकरावची हाये. त्याच्यावर बसून पंधरा वर्षं तुमसरले दूध नेलं त्यानं."

"मग बदलली काहून?"

"सीट कोठी बदलली? सायकल मोडली, सीट राह्यली."

ती सायकलवर चढवल्यावर औषधाची बाटली अर्धी पाण्याने भरून मी सीटवर आडवी ठेवली आणि पाण्याची रेघ सरळ होईपर्यंत नट फिरवला. ताराचंदभाऊ म्हणाले, "परत येजो त गादी ठेवली हाये तुही."

बुधवारी सकाळी सहाला निघालो. चौथ्या विहिरीपर्यंत दोन ठिकाणी ठणकलं. नेमकं दोनच ठिकाणी, आणि तेवढंच. पुढे वाढलं नाही. आठव्या विहिरीवर आकडा लिहिला आणि विचार न करता पुन्हा सायकलवर बसलो. हे लक्षात आलं तेव्हा मी नवव्या विहिरीच्या वाटेला लागलो होतो.

बपेऱ्याला पोहोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. साहेब जीपमधून उतरेपर्यंत अकरावा आकडाही लिहून झाला. त्यांनी स्वतः टेप सोडून तो ताडून पाहिला, मग वही चाळली.

"बारा पूर्णांक दोन दशांश. ही कोणती विहीर?"

"विहीर नाही, साहेब. माझ्या बसायच्या दोन हाडांमधलं अंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलकडे. जवळ जाऊन सीटवर बोटांनी टकटक केलं. लाकडासारखा आवाज आला.

"पुढच्या आठवड्यापासून आणखी चार विहिरी जोडतो."

"जोडा," मी म्हणालो.

"जीपमध्ये टाक सायकल. सिहोऱ्याला सोडतो."

"नको साहेब. सरळ रस्ता आहे, जातो मी."