काचेतली भांडखोर म्हातारी

मी एक जुनी लाकडी बाहुली आहे आणि राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मित्रांनो, यात माझा दोष नाही. मला कोरताना सुताराचा हात चुकला, नाक वाकडे झाले आणि तो मला सरपणात टाकायला निघाला. तेवढ्यात बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका माणसाने मला उचलले. "असू दे, हिला भांडखोर म्हातारी करू," तो म्हणाला. त्याच्या बायकोने मला ठिगळांचा झगा शिवला, त्याने सात दोऱ्या बांधल्या आणि मी त्याच्याच गळ्यातून भांडू लागले.

चाळीस वर्षे मी राजाशी भांडले, कोतवालाशी भांडले, पहिल्या रांगेत चुळबुळ करणाऱ्या पोरांशीही भांडले. सगळ्यात मजा यायची ती वाचनालयाच्या पटांगणातल्या कलामहोत्सवात. तो फक्त मुलांसाठी असतो, तिकीट नसते आणि गावोगावचे लोककलावंत तिथे येतात. खेळ संपला की बाहुलीवाला पडद्याबाहेर यायचा आणि प्रत्येक मुलाच्या हातात माझी एक दोरी द्यायचा. "ओढ. घाबरू नकोस, ती चावत नाही, नुसती बोलते." दोरी ओढली की माझी मान गर्रकन वळायची आणि तो ओरडायचा, "कोण रे मेला मला ओढतोय?" मुले किंचाळत पळायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहायची.

मग त्याचे हात थरथरू लागले. एका खेळात मी राजाऐवजी स्वतःच्याच थोबाडीत मारली. मुले हसली, पण त्याने खेळ तिथेच आवरता घेतला. पुढच्याच महिन्यात त्याने मला महोत्सव भरवणाऱ्या ताईंच्या हवाली केले.

"हिला पेटीत कोंडू नका. कुणीतरी शिकेल, नाचवेल."

"शब्द देते, बाबा," ताई म्हणाल्या.

पेटीत त्यांनी कोंडले नाहीच. वाचनालयातल्या काचेच्या कपाटात ठेवले! पाठीत सळई बसवली, दोऱ्या गुंडाळून मागे खोचल्या आणि समोर पाटी लावली, 'हात लावू नये'. ताईंवर माझा राग आहे, पण तो वरवरचा. बिचाऱ्या रोज सकाळी स्वतः काच पुसतात. माझा खरा राग दुसऱ्याच माणसावर आहे.

यंदा, तीन वर्षांनी, बाहुलीवाला महोत्सवाला पाहुणा म्हणून आला. त्याला पाहून माझा जीव भांड्यात पडला. आता हा ताईंना फैलावर घेणार, मला बाहेर काढणार! कपाटाशी सहा-सात वर्षांची एक मुलगी काचेला नाक लावून उभी होती.

"आजोबा, ही हलते का हो?"

"अगं, यांचीच आहे ती," ताई म्हणाल्या. "बाबा, किल्ली आहे माझ्याकडे. काढू? दाखवता हिला?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग दोन्ही हात खिशात घातले.

"नाही गं बाळ. ही शोभेची आहे. ही कधीच हलत नव्हती."

मित्रांनो, त्याच्या गळ्याशिवाय मला आवाज नाही, नाहीतर तिथेच त्याची खरडपट्टी काढली असती. मुलगी "बरं" म्हणाली आणि मुखवटे बघायला निघून गेली.

चारचौघांत हात थरथरतील, हसे होईल, याची त्याला भीती वाटली. ते मला कळते. पण स्वतःची लाज झाकायला त्याने माझी चाळीस वर्षे पुसून टाकली. त्याने मला नाचवायला हवे होते असे मी म्हणत नाही. दोरी त्या पोरीच्या हातात द्यायची होती. तेवढे थरथरत्या हातांनाही जमते.

म्हणून विनवते, जुन्या वस्तू जपा, पण त्यांना गप्प बसवून जपू नका. आणि तुमच्यापैकी कुणी कधी माझी दोरी ओढली असेल, तर त्या मुलीला शोधा आणि सांगा की ती म्हातारी हलायची.