काळा कागद

माझं तोंड फटकळ आहे, हे माहेरी कन्हेरीला आणि सासरी इंदापूरला सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी, "रोज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून कागदाच्या वस्तू करा, मुलीला शांत वाटेल," असं सांगितलं, तेव्हा मी तिथल्या तिथं म्हणाले, "बाई, पोर शांतच हाय. ती बोलावी म्हणून आणलीय."

छकुली माझ्या भावाची, दीपकची मुलगी. लोणी देवकरच्या कंपनीतून घरी येताना टेंपोनं मोटारसायकल उडवली आणि माझ्या पाठचा भाऊ गेला. त्या दिवशी छकुली रडली, ओरडली, आईला बिलगली. पण दहाव्याच्या दिवशी घाटावरून परत आली ती मुकी होऊन. तेव्हापासून एक शब्द नाही.

त्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. नदीकाठी पिंड ठेवला, शेजारी दीपकच्या आवडीची पिठलं-भाकरी आणि जिलबी मांडली आणि सगळे मागं सरून हात जोडून उभे राहिले. आबा, म्हणजे आमचे वडील, एकेक गोष्ट कबूल करत गेले. "पोरीला शिकवीन, दीपक. स्वरूपाला अंतर देणार न्हाय." ऊन डोक्यावर आलं तरी कावळ्याचा पत्ता नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मग काय, लोकांना चघळायला विषय मिळाला. जीव अडकला होता म्हणे, बायकोनंच दुखावला असेल. माझी भावजय स्वरूपा ऐकायची आणि मान खाली घालायची. आबाही सारखे तिला विचारायचे, "सूनबाई, काय राहिलं गं त्याचं? आठव की." मला असा संताप यायचा! गेलेल्याचं राहिलं ते राहिलं, जित्या माणसाला कशाला खायचं?

तर कागद. मी इंदापूरचा संसार नवऱ्याच्या गळ्यात टाकून माहेरी राहिले आणि रोज चहानंतर सतरंजी अंथरली. रंगीत कागदांचं पुडकं मधे, भोवती आम्ही चौघं. स्वरूपा मोबाईलमध्ये बघून फुलं करायची. आबांना आयुष्यभरात शेंगदाण्याची पुडीच जमली होती, ते निरनिराळ्या रंगांच्या पुड्या वळायचे. "आबा, दुकान टाकताय काय?" मी म्हणायचे. छकुली हसायची नाही, पण बोटं चालवायची. घडी घालायची, नखानं दाबायची. खरं सांगते, मलाही बरं वाटू लागलं होतं. रडायचं सोडून हाताला काहीतरी काम होतं. मात्र पुडकं फोडलं की ती आधी काळे कागद वेगळे काढायची आणि सतरंजीखाली सरकवायची. मला वाटलं, काळं आवडत नसेल.

एक दिवस रंगीत कागद संपले. मी सतरंजीखालचा काळा ओढला आणि पक्षी केला. पाय हवेत म्हणून केरसुणीच्या दोन काड्या खोचल्या. "अगं, लक्ष्मी हाय ती, मोडू नगं," आबा करवादले. मी पक्षी नेमका पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला.

छकुली एकटक बघत राहिली. मग तिनं ताटली हळूच त्याच्यापुढं सरकवली.

"खा," ती म्हणाली. "आता न्हाय हाकलत."

स्वरूपाच्या हातातली कात्री खाली पडली. मी हळूच विचारलं, "कुणाला हाकललंस, बाळा?"

"घाटावर कावळा आलता. मागं, बाभळीवर. तुमी सगळी नदीकडं तोंड करून हुती. मम्मी म्हणली, ताट पप्पांचं हाय. ते त्यानं खाल्लं असतं. म्हणून खडा मारला."

स्वरूपानं तोंडाला पदर लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. तिच्यावरचा आळ त्या एका वाक्यानं धुऊन निघाला होता. आणि आबा, माझे भोळे आबा, त्यांना तर भानच राहिलं नाही. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, "म्हंजी आलता! माझा दीपक आलता गं! पोटभर जेवायला आलता!"

मी त्यांचा हात धरला, पण शब्द सुटून गेला होता.

छकुलीनं आबांकडं बघितलं, मग कागदाच्या कावळ्याकडं.

"त्यो पप्पा हुता?"

मी तो कावळा उचलून बाजूला ठेवायला गेले, तर तिनं माझा हात धरला.

"आत्या, माझा खडा लागलाय त्यांना. पायाला. लंगडत उडाले."

स्वरूपानं डोळे पुसले. ती उठून आत गेली आणि हळदीचा डबा घेऊन आली. पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी फाडली, हळदीत बुडवली आणि छकुलीच्या हातात दिली. "बांध. पप्पा रागवत न्हाईत तुला. कधी रागावलेत का?" छकुलीनं ती पट्टी काडीच्या एका पायाला हलक्या हातानं गुंडाळली. आबा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

पोर बोलती झाली. डॉक्टरीणबाईंना मी फोन करून तसं सांगितलं, आणि पुढचं काही सांगता येईना म्हणून ठेवून दिला.

आता छकुली रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर भाकरी कुस्करून ठेवते. कावळे येतात, भांडत खातात. ती कुणालाही हाकलू देत नाही. हळदीची वाटी धरून उभी राहते आणि प्रत्येकाचे पाय निरखून बघते. मी जवळ गेले की हळू आवाजात सांगते, "न्हाय आत्या, ह्यो बी न्हाय. ह्याचे पाय चांगले हायती."