दोन माणसांची गाडी

आकाराम पाटलांनी डोक्यावरचा पटका उतरवून बगलेत धरला, उघड्या बॉनेटखाली वाकले आणि चालू इंजिनाजवळ कान नेला. बराच वेळ ते तसेच राहिले. जोतीराम हातात फडकं घेऊन बाजूला उभा होता. आजवर तीन गिऱ्हाइकं येऊन गेली होती, पण कान लावणारा हा पहिलाच.

"मिस्त्री, त्याल कधी बदलता?"

"पाचशे मैलाला. आन् गाडी हलली न्हाय तरी तीन म्हैन्याला बदलतोयच."

"लढाईत काय केलं? तवा पेट्रोल कुठलं गावतंय?"

"ठोकळ्यावर चढवून ठिवलेली. पर दर सोमवारी हँडल मारून फिरवत हुतो. जाम हू दिलं न्हाय."

"सोमवारीच का?"

"सोमवारी माजा उपास असतोय. जेवायचा येळ वाचतोय."

पाटील मोठ्यानं हसले. शिरोळकडचा माणूस, हसला तरी मळ्याच्या पलीकडं ऐकू जायला हवं अशा बेतानं हसणारा. ताराबाई पार्कातल्या त्या शांत बंगल्याला अशा आवाजाची सवय नव्हती. जोतीरामला मात्र बरं वाटलं.

"बसा की पावणं. रंकाळ्यापत्तोर फेरी मारून आणतो."

"बसून काय कळतंय? कळायचं ते हितंच कळलं."

पाटलांनी गाडीच्या कातडी सीटकडे, लाकडी डॅशबोर्डकडे, चकचकीत तारांच्या चाकांकडे पाहिलंसुद्धा नाही. पटका बांधत ते मालकीणबाईंशी, माईंशी, बोलायला आत गेले. जोतीरामनं बॉनेट लावलं आणि पाटलांच्या बोटांचे ठसे पुसून काढले. बाकीच्या गिऱ्हाइकांनी आधी सीटवर बसून घेतलं होतं, आरशात भांग पाहिला होता. याला दिखाव्याचं काही नाही, आतलं कळतं, असं त्याला वाटलं. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते तो बरोबर वाटून घेतो.

गाडी होती जॅग्वार, अडतीस सालची, गर्द हिरवी. लांबच लांब नाक आणि मागं दोनच माणसांपुरती जागा. नृसिंहराव इनामदारांनी ती मुंबईहून स्वतः चालवत आणली तेव्हा कोल्हापुरात तशी दुसरी नव्हती. ती पन्हाळ्याचा घाट चढायला लागली की बैलगाडीवाले गाडी थांबवून बघत राहायचे. चालवणार इनामदार आणि शेजारी जोतीराम. वाटेत काही बिघडलं तर हाताशी माणूस हवा म्हणून. तेरा वर्षांत वाटेत कधी काही बिघडलं नाही आणि जोतीरामची जागाही फारशी चुकली नाही.

आता संस्थान विलीन झालं होतं. इनामाचं प्रकरण कोर्टात होतं आणि नृसिंहराव आषाढात गेले होते. मूलबाळ नव्हतं. बंगला दिवाळीनंतर एका सरकारी कचेरीला द्यायचा आणि माईंनी पुण्याला भावाकडे जायचं, असं ठरलं होतं. त्याआधी गाडी विकायला हवी होती. आणि जोतीरामचं काय, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. दरबारचं गॅरेज बंद पडल्यापासून गावात ड्रायव्हर उदंड झाले होते. त्यात चोपन्न वर्षांच्या माणसाला कोण उभं करणार? शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत त्याची बायको बयाबाई रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची आणि तो रोज, "बगू," म्हणायचा.

त्याचा बाप दरबारच्या पागेत मोतद्दार होता. पागेतला घोडा दुसऱ्या संस्थानला दिला की त्याचा मोतद्दारही बरोबर जायचा. नव्या घरचा चारा घोड्याला सोसेपर्यंत, नव्या माणसाचा वास ओळखीचा होईपर्यंत. आणि पुष्कळदा मोतद्दार तिकडचाच होऊन जायचा. जोतीरामनं तेच धरून ठेवलं होतं. गाडी अशा घरी जावी की जिथं ती रस्त्यावर पळेल, आणि तिच्याबरोबर आपणही जावं. एवढंच. त्यासाठी तो तीन महिने तिला घासतपुसत होता, पोरगी दाखवायची असावी तसा.

पण गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. पहिला आला तो सिनेमावाला. त्याला गाडी पन्हाळ्याच्या कड्यावरून खाली टाकायची होती, कॅमेऱ्यासमोर. दुसरा कंत्राटदार, त्याला मागचा भाग कापून सामान वाहायची गाडी करायची होती. जोतीरामनं दोघांनाही फाटकातूनच वाटेला लावलं. तिसरे सांगलीचे डॉक्टर. हा माणूस सभ्य होता. गाडी चालवली ती अगदी हलक्या हातानं. उतरल्यावर दार लोटलं नाही, दाबून लावलं. जोतीराम त्याच्यावर खूश होता. पण डॉक्टर आत माईंशी बोलून निघून गेले ते परत आले नाहीत. माई एवढंच म्हणाल्या, "नाही जमलं." मोठ्या माणसांचं काय बिनसतं ते विचारायची जोतीरामची रीत नव्हती.

अर्ध्या तासानं पाटील बाहेर आले.

"मिस्त्री, तुमी बी चला संगट. ऱ्हायला खोली हाय. बाईमाणसाला बी आणा. इंजान तुमच्या हाताखालचं हाय, दुसरा कुणी हात लावलेला मला चालायचा न्हाय."

जोतीरामनं हातातल्या फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. मागं दारात माई उभ्या होत्या.

"काय जोतीराम? द्यायची ना यांना? तू हो म्हण, मग मी हो म्हणते."

"द्या माई," तो म्हणाला. "माणूस जाणता हाय."

त्या दिवशी बयाबाईनं प्रश्न विचारायच्या आधीच त्यानं उत्तर दिलं.

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी बाहेर काढली. आदल्या दिवशीचा झेंडूचा हार तसाच होता. माईंनी फाटकाशी येऊन गाडीच्या नाकावर दही घातलं आणि मागं वळून न पाहता आत गेल्या. पाटील शेजारी बसले होते, एका हातानं पटका आणि दुसऱ्या हातानं दार धरून. हातकणंगल्याच्या पुढं मोकळा रस्ता लागला तशी जोतीरामनं गाडी सोडली.

"हळू की वो," पाटील ओरडले. "इंजान तापल!"

"त्येला काय हुतंय? पळायसाठीच केलंय त्ये."

मळा नदीकाठाला होता. दुतर्फा ऊस उंच झालेला आणि मधून बैलगाडीची वाट. गाडीचं पोट दोनदा घासलं आणि दोन्ही वेळा जोतीराम उतरून खाली वाकून बघून आला. वाटेच्या शेवटी गुऱ्हाळाचं नवं छप्पर होतं. आत चरक बसवलेला, रस आटवायच्या कायलीची चूल ताजी सारवलेली. चरकापासून दहा हातांवर दगड-सिमेंटचा चौथरा बांधला होता. त्यातून चार बोल्ट वर आले होते.

जोतीराम गाडीतून उतरला आणि त्या चौथऱ्याकडं बघत उभा राहिला. बोल्टांमधलं अंतर त्यानं नजरेनंच मोजलं. त्याला ते अंतर पाठ होतं.

"ह्ये काय, पाटील?"

"इंजानाची बैठक. नव्या इंजानाला दोन वर्सं नंबर लागंना झालाय. बैलं लावून किती ऊस गाळायचा? ह्येला पेट्रोलवर चालू करायचं, तापलं की राकेलवर टाकायचं. इचलकरंजीला येकानं केलंय तसं."

"आन् गाडी?"

"गाडीचं काय? मी काय आता गाडीत बसून उसातनं हिंडू?" पाटील हसले आणि जोतीरामचा चेहरा बघून थांबले. "मिस्त्री, मी पयल्यापासनं इंजानच बगत हुतो की."

ते खरं होतं. माणूस एका शब्दानंही खोटं बोलला नव्हता. ज्याच्यावर राग धरायचा असा समोर कुणीच नव्हता, एक स्वतः सोडून. इंजिन इतकं जपलं नसतं तर ते कुणाच्या डोळ्यात भरलं नसतं, हेही जोतीरामला तिथंच, झेंडूचा हार काढता काढता कळलं. परत जावं तर बयाबाई भांडीकुंडी बांधून बसलेली.

जयसिंगपूरचा एक लोहार इंजिन काढायला आला होता, मोठा घण घेऊन. जोतीरामनं त्याला चहा पाजला आणि घालवून दिलं. मग दोन दिवस लावून त्यानं स्वतःच्या हातानं इंजिन सोडवलं. साखळदंडाला टांगून ते वर आलं तेव्हा गाडीचं नाक हलकं होऊन एकदम उचललं गेलं. त्यानंतर तो तिच्याकडं फारसा गेला नाही. पाटलांनी ती चिंचेखाली लोटून ठेवली. पाटलांची आई अंबूबाई, स्वभावानं चांगली बाई, पण तिच्या कोंबड्यांना कातडी सीट मानवली. चाकं कुणीतरी मागून नेली.

गुऱ्हाळ सुरू झालं. इंजिन पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत चालायचं, राकेलचा काळा धूर ओकत. पाटील आल्यागेल्याला आणून दाखवायचे. बयाबाईला खोली आवडली होती. पाणी जवळ, सरपण फुकट, रोज ताजा रस. ती दोन महिन्यांत अंगानं भरली. जोतीरामनं तिला कधी काही सांगितलं नाही. कोल्हापूरला जायचंही त्यानं टाळलं. माईंना काय तोंड दाखवायचं? त्यांनी त्याच्या शब्दावर गाडी दिली होती.

पण माईंचा निरोप आला की त्या बुधवारी पुण्याला निघणार. तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही. पाटलांकडून दुपारपर्यंतची सुट्टी घेऊन तो सकाळच्या मोटारीनं बंगल्यावर गेला. गॅरेजचं दार सताड उघडं होतं, आत कचेरीची कपाटं येऊन पडली होती. माई ओसरीवर पितळेची भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळत बसल्या होत्या.

"ये जोतीराम. बयाबाई कशी आहे?"

"बरी हाय." तो पायरीवर बसला. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरून एकदम म्हणाला, "माई, माजी चूक झाली. माणूस वळखायला चुकलो. त्येनं गाडी मोडली. इंजान उसाच्या चरकाला लावलंय, आन् बाकीची चिंचंखाली पडलीया. मी द्या म्हणलो म्हणून तुमी दिली."

माईंनी तांब्या गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

"मला ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"पाटलांनीच. त्या दिवशी चहा घेताना. सरळ माणूस आहे. मला फक्त इंजिन हवंय म्हणाला. मी म्हटलं, न्या, पण त्याच्याबरोबर माणूसही न्यायचा. आणि मिस्त्रीला आत्ताच काही बोलू नका म्हटलं."

जोतीरामनं शेजारचा एक कागद उचलून त्याची घडी घातली.

"आन् डॉक्टर?"

"डॉक्टर गाडी नेत होते. तुला नेत नव्हते. त्यांचा ड्रायव्हर वीस वर्षांपासूनचा जुना. दोनदा सांगून पाहिलं."

"त्येंना द्यायची हुती, माई." त्याचा आवाज चढला. या घरात तो पहिल्यांदाच चढला होता. "रस्त्यावर पळाली असती ती!"

"पळाली असती. आणि तू?"

"केलं असतं कायतरी."

"काय केलं असतंस?"

तीन महिने शोधून जे उत्तर सापडलं नव्हतं, ते पायरीवर बसून कुठून सापडणार?

"मला का सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. माईंनी पुढचं भांडं घेतलं. मग त्या बोलल्या ते त्याच्याकडं न बघता, भांड्याकडं बघत.

"तुला वाटत असेल, यांची गाडी, मी कशी मोडू दिली. जोतीराम, तेरा वर्षांत मी पन्हाळ्याला त्या गाडीतून किती वेळा गेले असेन?"

जोतीराम आठवू लागला. आठवेना.

"एकदा. तू तापानं निजला होतास तेव्हा." त्यांनी कागदाची कड दुमडली. "वाऱ्यानं अंबाडा सुटला होता माझा. हे म्हणाले, असू दे. खोटं कशाला बोलू, छान होती गाडी."

इतकी वर्षं जोतीराम फाटकातून बाहेर पडताना मागं वळून पाहायचा. माई दारात उभ्या असायच्या आणि निरोप द्यायला उभ्या आहेत असंच तो समजत आला होता. माफी मागावी तर कशाची, आणि कोणत्या तोंडानं? पायरीवरून उठून त्यानं ट्रंकेचं झाकण दाबून लावलं, दोरी आवळली, स्टेशनासाठी टांगा आणला आणि सामान चढवलं. माईंनी जाताना बयाबाईसाठी एक जुनं लुगडं दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

दुपारी तो मळ्यावर पोचला तेव्हा कायलीतला पहाटे गाळलेला रस संपत आला होता आणि इंजिनाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नसल्यानं सगळे त्याचीच वाट बघत खोळंबले होते. त्यानं लुगडं छपराच्या वाशाला अडकवलं, पेट्रोलची चावी उघडली आणि हँडल लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, हे आता सुरू होऊ नये. कायमचं बंद पडावं. त्यानं सगळा जोर लावून हँडल मारलं आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं, घोटीव, एका लयीत, कुठं खोकणं नाही की अडखळणं नाही.

तो हँडल धरून तिथंच उभा राहिला.

"मिस्त्री, बाजूला व्हा की," मागून कुणीतरी ओरडलं. "चरकाचा पट्टा चढवायचाय."