जीपमधली जागा

स्पेनहून येऊन दीड महिना झाला, तरी आमच्या ओट्यावरची गर्दी हटत नाही. तुळजापुरातला पुजारी सेगोव्हिया बघून येतो म्हणजे काय! चुन्याचा ठिपकाही न लावता रचलेल्या दुमजली कमानी, त्यांच्या माथ्यावरून गावाला पाणी जायचं; पुढं राजवाडा, त्याच्या बुरुजाला दीडशेच्या वर पायऱ्या. मी सांगतो, लोक आ वासून ऐकतात. चाळीस वर्षं यजमानांना गोमुख नि कल्लोळतीर्थ दाखवलंय, बोलण्यात मी कुणाला हार जाणारा नाही.

मग कुणीतरी शामलाकडं वळतं. "काकू, तुम्हाला काय आवडलं?"

"बाक," ती म्हणते. "बुरुजाखालचा बाक लई छान होता."

लोक हसतात. मला हसू येत नाही.

शंतनूनं, आमच्या मुलानं, बुरुजाची तिकिटं तीन काढली होती. पाचव्या पायरीवर शामलाचा गुडघा अडला. "तुम्ही या जाऊन, मी बसते." आणि मी गेलो, हौस दांडगी ना! खाली आलो तर ती पदर सावरून बाकावर बसलेली. "सांगा आता, काय काय होतं?" मी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं: हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो होतो.

यजमान आमच्याच घरी उतरतात. सकाळी अभिषेक, दुपारी पुरणाचा नैवेद्य, तो झाला की त्यांना हुक्की यायची, "अण्णा, नळदुर्गचा किल्ला दाखवा." पावसाळ्यात बोरी नदी तिथल्या बांधावरून कोसळते आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. त्यातून बाहेर बघितलं की समोर नुसता पाण्याचा पडदा. जीप निघायची, शामला दारात शिदोरी द्यायची. दोन-तीनदा म्हणालीही, "मला एकदा न्या की."

"जागा कुठाय जीपमध्ये? आणि रात्रीच्या पोळ्या कोण लाटणार? पुढच्या खेपेला बघू."

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तीच विचारायची, काय काय होतं. मी फुशारकीनं सांगायचो. नळदुर्ग आमच्यापासून पस्तीस किलोमीटर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गेल्या आठवड्यात बांध भरून वाहतोय असं कळलं. घरात यजमान होते, त्यांना भावाच्या हवाली केलं आणि अख्खी जीप दोघांसाठी सांगितली. शामला हिरवं इरकल नेसली. वाटभर काचेतून बघत राहिली. किल्ल्यात पाण्याचा आवाज आला तशी तिनं चारचौघांत माझा हात धरला.

पाणीमहालात उतरायच्या पायऱ्या उंच, त्यात शेवाळलेल्या. मला ठाऊक नव्हत्या असं नाही. "सांभाळून" म्हणत शेकडो माणसं मीच उतरवली होती. पण निघाल्यापासून माझ्या डोळ्यांपुढं दारात शिदोरी घेऊन उभी असलेली तिशीतली शामला होती. तिला गुडघेदुखी नव्हती.

दोन पायऱ्या उतरून ती थांबली. कठडा धरत वर गेली आणि बसली.

"तुम्ही या जाऊन."

"मी न्हाय जात."

"जा हो. मला सगळं ठाऊक आहे. तोंडावर तुषार येतात, पडद्यापलीकडचं ऊन हिरवं दिसतं. तुम्हीच सांगितलं होतं, शंतनू पोटात होता तेव्हा."

मला ते सांगितल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो. इतक्या वर्षांत कधी न म्हटलेलं म्हटलं, "शामला, चुकलं माझं. तेव्हाच आणायला पाहिजे होतं. पण जीपमध्ये खरंच..."

"असायची हो जागा," ती पाण्याच्या आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाली. "ड्रायव्हरच्या शेजारी. मी दारातच उभी असायची ना, मला दिसायची."